पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटी असते

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे, सोबत कथेचं हस्तलिखितही. पत्र थोडक्यात असं:

‘मी नोकरी सांभाळून कथा लिहिते. माहेर देवगड तालुक्यातलं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. वर्षातून दोनदा जाणं होतं, मे महिन्यात आणि गणपतीला. नवी कथा तिथेच घडते. वीस वर्षांनी मुंबईहून आलेला सुहास, गावीच राहिलेला त्याचा मोठा भाऊ, आणि दोघांमध्ये घराची व कलमबागेची वाटणी. सुरुवातीची दोन पानं गावाचं वर्णन आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली. शेरा असा: “वर्णन सुंदर, पण हे गाव कुठंही चालेल.” मला तर तिथला एकेक दगड पाठ आहे. मग चुकतंय कुठे? वर्णन किती ठेवू? बोली किती वापरू? आणि गावाचं खरं नाव घातलं तर घरचे ओळखतील, त्याचं काय करू?’

ताई, सप्रेम नमस्कार.

कथा दोनदा वाचली. गावावरची तुमची माया ओळीओळीत दिसते. तरीही शेरा बरोबर आहे. का, ते तुमच्या पहिल्याच वाक्यावरून पाहू. ‘पौर्णिमेची संध्याकाळ होती आणि अथांग सागराच्या लाटा सुहासच्या पायाशी येऊन फुटत होत्या.’

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा ढोबळ हिशेब आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कथेला पुरतो. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि दर दिवशी वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. आता पौर्णिमेची पाऊणपट करा: सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण भरती दुपारच्या आणि रात्रीच्या बाराच्या आसपास, आणि संध्याकाळी पाच-सहाला पूर्ण ओहोटी. तीही उधाणाच्या दिवसातली, म्हणजे पाणी सगळ्यात लांब गेलेलं. तुमच्या सुहासच्या पायाशी त्या वेळी लाट नाही. तिथे ओली पुळण आहे, उघडे पडलेले खडक आहेत आणि त्या खडकांवर कोयत्या घेऊन कालवं फोडणाऱ्या बायका आहेत. मावळतीला पायाशी पाणी हवंच असेल तर अष्टमी-नवमी घ्या. पण तेव्हा भांगाची भरती असते, पाणी संथ आणि बेताचं चढतं, खडकांवर आपटत नाही.

वाचकाला हा हिशेब कळणार नाही, असं तुम्ही म्हणाल. देवगड-मालवणच्या वाचकाला लगेच कळेल. इतरांना कळणार नाही, पण जाणवेल, आणि खरा मुद्दा तोच आहे. तुमच्या वाक्यात लाट आहे, पण त्या लाटेमुळे कोणाचं काही अडत नाही, कोणाचं काही सोयीचं होत नाही. ओहोटी घातलीत की खडकांवर माणसं येतात, त्यातली एखादी बाई सुहासला ओळखते, त्याच्या बुटांकडे बघते आणि तो घरी पोचायच्या आत बातमी दादाच्या कानावर जाते. कथेतली जागा म्हणजे तिथल्या माणसाला काय करता येतं, काय करता येत नाही आणि ते कधी. तुमची दोन पानं फक्त काय दिसतं ते सांगतात.

दुसरी चूक जास्त खोलवरची आहे. पान तीनवर दादा आंब्याच्या पेट्या भरतो आहे. पान सहावर दोघे भाऊ मळ्याच्या बांधावरून चालतात आणि दोन्हीकडे ‘हिरवंगार भात डोलत’ आहे. मधे फक्त एक रात्र गेली आहे. आंबा उतरतो तो मार्च ते मे. भात हिरवं असतं जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबरात कापणी. मे महिन्यात मळे उघडे, तडकलेले, आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, करायच्या तुकड्यांवर भाजावळीची काळी राख. तुम्ही वर्षातून दोनदा जाता आणि दोन्ही वेळचं गाव मनात एक होऊन बसलं आहे. आठवणीत हे चालतं. पण कथेतल्या गावाला एकच तारीख असते, आणि ती ठरली नाही की गाव ‘कुठंही चालेल’ असं होतं.

तेव्हा पहिलं काम तारीख पक्की करण्याचं. तुमच्या कथेला आम्ही मेचा शेवटचा आठवडा सुचवू, कारण त्या दिवसांत किनाऱ्यावर सगळ्यांनाच घाई असते. हापूस संपत आलेला असतो आणि उरलेलं फळ पहिल्या वळवाच्या आत उतरवायचं असतं, पाऊस लागला की फळ डागाळतं. घर शाकारायचं असतं. लाकूडफाटा आत घ्यायचा, पडवीला झापांची झड लावायची, सुकी मासळी, सोलं, कडधान्य यांची बेगमी करायची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणून बंदरात शेवटच्या फेऱ्या. विहिरींचा तळ दिसायला लागलेला. चाकरमान्यांची परतीची तिकिटं काढलेली, कारण जूनच्या मध्याला शाळा उघडतात. वाटणीचं बोलणं या आठवड्यात आणून ठेवलंत तर भावांना ते पुढे ढकलायला जागाच राहत नाही. हा ताण तुम्हाला संवादात ओतावा लागणार नाही, तो महिन्यातूनच येईल. शिवाय हा महिना तुम्ही दरवर्षी पाहता. जानेवारीतला मोहोर, त्यावरची फवारणी, ऑक्टोबरची कापणी तुम्ही पाहिलेली नाही, तर ती या कथेत आणू नका.

तारखेनंतर नकाशा. एक मोठा कागद घ्या आणि गाव वरून खाली काढा. बहुतेक किनारी गावांची मांडणी एका उतारावर असते: सगळ्यात वर जांभ्या कातळाचा उघडा सडा, त्याच्या कडेला आणि उतारावर कलमं नि काजू, पायथ्याशी वाड्या, त्याखाली मळे, मग खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, नाहीतर थेट पुळण, आणि समुद्र. या कागदावर सुहासचं घर, विहीर, दुसऱ्या वाडीतलं भटजींचं किंवा गावकाराचं घर, देऊळ, दुकान, एसटीचा थांबा ठेवा. मग प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये अंतर लिहा, पण मीटरमध्ये न लिहिता चालण्याच्या मिनिटांत. सपाटीला माणूस पंधरा मिनिटांत एक किलोमीटर जातो, पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढताना तेवढ्याच अंतराला दुप्पट वेळ लागतो, डोक्यावर पेटी असेल तर त्याहून जास्त. शेवटी वेगळ्या रंगाने एकच गोष्ट खुणा करा: थांब्यावरून घरी येताना सुहास कोणाकोणाच्या खळ्यासमोरून, म्हणजे अंगणासमोरून, जातो. कोकणातलं गाव वाड्यांमध्ये पसरलेलं असतं, आणि कोण कोणाच्या दारावरून जातं यावर अर्धं राजकारण चालतं. हा नकाशा छापायचा नाही. पण तो नसला की पात्रं हवेतून ये-जा करतात. तुमच्या पान चारवर वहिनी ‘पटकन विहिरीवरून’ घागर भरून येते आणि पान सातवर तीच विहीर मळ्यापलीकडे आहे. मे महिन्यात, मळ्यापलीकडून, भरली घागर घेऊन चढ चढताना पटकन येता येत नाही. त्या पाऊण तासात घरात दोघे भाऊ एकटे आहेत, आणि तो पाऊण तास तुम्ही वापरलेलाच नाही.

त्याच नकाशाला बाहेरचा रस्ता जोडा. सुहास रेल्वेतून उतरतो आणि ‘समोर समुद्र पसरलेला’ दिसतो असं लिहिलंय. कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आत, डोंगरातून जाते. देवगडच्या माणसाला नांदगाव रोड किंवा कणकवलीला उतरून पश्चिमेकडे एसटी नाहीतर रिक्षा करावी लागते, तास-दीड तासाची. या तास-दीड तासातच कोणी ओळखीचा भेटायला हवा. वडिलांच्या आठवणीतही एक घसरण आहे: १९७२ सालच्या पाकिटावर ‘जि. सिंधुदुर्ग’ लिहिलंय. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. वडिलांचा पत्ता जिल्हा रत्नागिरीच असणार. आणि संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत, त्यामुळे वडिलांनी मुंबई गाठली ती घाटातल्या गाडीने नाहीतर बोटीने. एवढं मात्र चांगलं झालं, की तुम्ही सूर्य समुद्रातून उगवलेला दाखवला नाही. या किनाऱ्यावर तो सह्याद्रीकडून उगवतो आणि पौर्णिमेचा चंद्रही तिकडूनच. समुद्रावर संध्याकाळी दिसते ती बीजेची कोर. छापून आलेल्या कथांतही हे उलटं सापडतं.

आता वर्णन किती. तुमची कथा तीन हजार शब्दांच्या आसपास आहे आणि त्यातले पाचशेहून जास्त शब्द पहिलं माणूस बोलायच्या आधी खर्च झाले आहेत. ती दोन पानं टाकून देऊ नका, वेगळी काढून ठेवा. तो तुमचा कच्चा माल आहे. मग निळी पेन्सिल घेऊन पूर्ण कथेतलं जागेविषयीचं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा आणि दोन प्रश्न विचारा. हे वाक्य अलिबागला किंवा केरळात उचलून ठेवलं तर चालेल का? आणि हे काढलं तर कोणाच्या वागण्यात फरक पडेल का? पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ आलं तर वाक्य जाईल. ‘माडांची बनं वाऱ्यावर डोलत होती’ जाईल. ‘तांबड्या मातीची नागमोडी वाट’ जाईल. ‘जांभ्याच्या गडग्यावरचा वरचा थर ढासळला होता आणि तो कोणी लावला नव्हता’ राहील, कारण गडगा, म्हणजे दगडी कुंपण, सामायिक आहे आणि तो कोणी लावायचा यावरच भांडण आहे. एक साधा नियम हाताशी ठेवा: सलग तीन वाक्यांत माणूस काहीच करत नसेल तर चौथ्यात त्याने काहीतरी केलं पाहिजे. काही वेळा हा नियम मोडावा लागतो. पण पहिल्या पानावर मोडू नका.

सुरुवात कशी होऊ शकते याचा एक नमुना देतो. हीच उचला असं मुळीच नाही.

‘सुहास पोचला तेव्हा दादा छपरावर होता. “शिडी धर,” एवढंच म्हणाला. सुहासने बॅग ओटीवर टाकली आणि शिडी धरली. खालून एकेक कौल वर द्यायचं, फुटकं खाली घ्यायचं. समुद्राकडची बाजू दुपारपर्यंत पुरी झाली. दादा उतरला, हात झटकले आणि न्हाणीकडे निघाला. मागची बाजू, सुहासच्या खोलीवरची, तशीच होती. “ती?” सुहासने विचारलं. “ती बाजू कोणाची, ता आधी ठरूंदे.”’

यात समुद्र एकदाच आला, तोही दिशा म्हणून. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून समुद्राकडची पाखी आधी शाकारतात. वाचकाला महिना कळला, घराची ठेवण कळली, दोन भावांमधलं अंतर कळलं आणि भांडण पहिल्याच परिच्छेदात छपरावर जाऊन बसलं.

घर कसं दिसतं हे कोण बघतंय त्यावर ठरतं, हे तुमच्या कथेत पूर्ण निसटलं आहे. सगळं सुहासच्या डोळ्यांनी आहे, आणि तेही लेखिकेच्या डोळ्यांसारख्या. सुहास वीस वर्षांनी आलाय, तर त्याला फरक दिसतील: पाखाडीवर ओतलेलं काँक्रीट, शेजारची तीन घरं कुलूपबंद, सड्यावर टॉवर, कुठल्याशा घरावर होमस्टेची पाटी, बागेत राखणीला नेपाळी जोडपं, आणि माकडांच्या त्रासाने लोकांनी सोडून दिलेली परसातली लागवड. दादाला यातलं काहीच दिसणार नाही, तो त्यातच राहतो. त्याला दिसेल वासा कुठे पोखरलाय आणि कोणतं कलम यंदा मोहोरलंच नाही. वहिनीला दिसेल अंतर: विहीर, चूल, न्हाणीघर. आणि पान आठवर येतो तो जागेचा दलाल? तो घराकडे पाठ करून उभा राहील आणि गाडीरस्ता कुठपर्यंत येतो ते बघेल. त्याच्या हातात सातबारा आहे, त्यावर अकरा नावं आहेत, त्यातली चार वारलेली. हा कागदही गावाच्या वर्णनाचाच भाग आहे. एकाच खळ्यात या चौघांना उभं करून प्रत्येकाच्या नजरेने पाच-पाच ओळी लिहून पाहा. कथेत त्यातल्या चारच ओळी जातील, पण त्या नेमक्या असतील.

डोळ्यांवर इतका भार टाकला की नाक-कान रिकामे राहतात. किनाऱ्यावर वारा दिवसातून दोनदा पालटतो. दुपारी खारा वारा समुद्राकडून आत येतो, रात्री उशिरा ते पहाटे मतलई डोंगराकडून बाहेर जातो. म्हणजे वाळत घातलेल्या मासळीचा वास दुपारी वाडीत भरतो आणि पहाटे येत नाही; देवळातली घंटा किंवा रस्त्यावरची एसटी पहाटे जास्त स्पष्ट ऐकू येते, दुपारी समुद्राची गाज. झोप न लागलेल्या सुहासला गाज हळूहळू कमी होत गेलेली कळली तर वेळ किती झाली हे घड्याळाशिवाय सांगता येतं. कौलांवरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस यांचे आवाज वेगळे, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या कथेत पाऊस नुसता ‘कोसळतो’.

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा फोटो कमी काढा. एकाच जागी, समजा खळ्याच्या कडेला, तीन वेळा बसा: उजाडताना, दुपारी दोनला, दिवेलागणीनंतर. दर वेळी वीस मिनिटं. वहीत फक्त नामं आणि क्रियापदं लिहायची, विशेषण एकही नाही. विशेषणं घरी बसूनही सुचतात, आणि म्हणूनच ती सगळीकडची असतात. आणि माणसांना त्यांच्या कामाबद्दल विचारा. ‘इथलं जीवन कसं आहे’ असं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल. ‘झेल्याची जाळी फाटली तर काय करता’, ‘आढीत आंबा किती दिवस ठेवता’, ‘देठ मोडला तर काय होतं’ असं विचारलंत तर उत्तरात शब्द, हातवारे आणि तक्रार तिन्ही मिळतील. देठ मोडला की चीक फळावर ओघळतो आणि साल काळी पडते. दादाने पेटीतून असं एक फळ काढून सुहासपुढे खायला ठेवलं तर तो काय म्हणतो आहे ते त्याला बोलावं लागणार नाही.

बोलीचं उत्तर थोडक्यात. निवेदन तुमच्या नेहमीच्या मराठीत ठेवा, संवादात मालवणी येऊ द्या, आणि फक्त मालवणी. तुमच्या हस्तलिखितात वहिनी कधी देवगडची बोलते तर कधी संगमेश्वरची वाटते. देवगडात दशावतार रंगतो आणि रत्नागिरीकडे नमन-खेळे; बोलीही तशीच वळते. सगळी पात्रं सारखी बोलणार नाहीत. सुहास सुरुवातीला मुंबईचं बोलेल, आणि ज्या क्षणी तो रागाने ‘माका म्हायत नाय’ म्हणेल तो क्षण कथेत राखून ठेवा, आधी उधळू नका. संवाद लिहून झाल्यावर त्याच तालुक्यातल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या; जिथे तो अडखळेल तिथे तुमचं चुकलंय. आणि ‘कुणगा’, ‘मांगर’, ‘झेला’ असे शब्द आले की कंसात अर्थ देण्याची तुमची सवय सोडा. ‘तिने झेल्याचा बांबू देठाशी नेला, हिसका दिला आणि जाळीतलं फळ अलगद खाली घेतलं’ एवढ्यात झेला कळतो. पानाला असे दोन-तीन शब्द पुरेत. त्याहून जास्त झाले की ते मिरवल्यासारखे दिसतात.

गावाचं नाव खोटं ठेवा, बाकी सगळं खरं. तालुका देवगड, बाजार खरा, रस्ते आणि स्टेशन खरं, तिथी आणि पाऊस खरा. त्यात एक गाव तुमचं. नाव परिसरात शोभेल असं घ्या आणि त्या नावाचं गाव तालुक्यात खरंच नाही ना, हे जनगणनेच्या यादीत तपासा. घरच्यांची भीती मात्र गावाचं नाव बदलून जाणार नाही. लोक ओळखतात ते सातबाऱ्यावरच्या नावांच्या संख्येवरून, लंगड्या काकांवरून आणि विहिरीच्या जागेवरून. त्या तीन गोष्टी बदला. विहीर हलवलीत तर नकाशा पुन्हा काढा.

शेवटच्या प्रसंगाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी एक सांगावंसं वाटतं. तुमची पौर्णिमा आम्ही पहिल्या वाक्यातून काढली, ती तिथे परत घेता येईल. वैशाखी पौर्णिमा काही वर्षी मेच्या उत्तरार्धात येते. बंदी तोंडावर आलेली असताना छोट्या होड्या पावसाळ्यासाठी वर घेतात, आणि उधाणाचं पाणी जितकं वर चढतं तितकी होडी कमी ओढावी लागते. म्हणजे काम मध्यरात्रीच्या भरतीला. शेजारची होडी असली तरी हाक मारली की वाडीतला प्रत्येक पुरुष जातो, मुंबईहून आलेलाही. खाली ओंडके, दोराला दहा-बारा जण, पाणी खरोखर पायाशी आणि चंद्र डोक्यावर. सुहास आणि दादा त्या एकाच दोराला आहेत, आणि भरती उतरायच्या आत होडी वर गेली पाहिजे.